भिंतीचा पासंग

माझ्या पाठीवर चार जखमांच्या खुणा आहेत. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, प्रत्येकी अडीच सेंटीमीटर. टाके निघाल्यावर बायकोकडून पट्टीने मोजून घेतल्या, म्हणून सांगता येतं. तेवढ्याशा फटींतून यवतमाळच्या डॉक्टरांनी कमरेतला पुढे सरकलेला मणका मागे ओढून बसवला. चार स्क्रू, दोन दांड्या, आणि मणक्यांमधली झिजलेली गादी काढून तिथे एक छोटा पिंजरा. पिंजऱ्यात माझ्याच हाडाचा चुरा भरलेला. त्या चुऱ्याचं सलग हाड होऊन चौथा आणि पाचवा मणका एक व्हायचे होते. त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर सगळा भार त्या चार स्क्रूंवर.

घरी सोडताना डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. वाकायचं नाही, उचलायचं नाही, कमरेत वळायचं नाही. कूस बदलायची तर ओंडक्यासारखं सगळं अंग एकदम. हाड धरायच्या आधी मणका जागचा हलला तर पुन्हा उघडावं लागेल, आणि तेव्हा छोट्या फटींवर भागणार नाही. हे त्यांनी एकदाच सांगितलं. मी ते रोज ऐकत होतो.

मी जिनिंगच्या वजनकाट्यावर सव्वीस वर्षं काढली आहेत. कापसाची गाडी काट्यावर घ्यायची, आकडा वाचायचा, चिठ्ठी फाडायची. माझ्याआधी माझे वडील दारव्ह्याच्या बाजारात मापारी होते. तराजूचा दांडा हातात धरून पोत्यामागे पोतं मोजायचे. आकडा जसा आहे तसा सांगायचा, एवढं एकच काम आमच्या घराला दोन पिढ्या येतं. ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, म्हणजे ऐन हंगामात. माझ्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला. पुढच्या हंगामात उभा राहून आलास तर खुर्ची तुझी, असा निरोप होता.

ऑपरेशनआधी दोन वर्षं मी उजवीकडे कलून चालत होतो. डाव्या पायात कमरेपासून घोट्यापर्यंत आग व्हायची, ती टाळायला अंग आपोआप उजवीकडे जायचं. बायको म्हणायची, बाजाराच्या गर्दीत पाठमोरा असला तरी माझा माणूस सापडतो, घड्याळात एक वाजल्यासारखा उभा असतो. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नर्सने मला उभं केलं तेव्हा पायातली आग नव्हती. पण मी डावीकडे पडत होतो. म्हणजे मला तसं वाटत होतं. दोन्ही हातांनी पलंग धरला. नर्स म्हणाली, काका, तुम्ही अगदी सरळ उभे आहात. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. सरळ असणं म्हणजे पडणं, असं पुढचे कित्येक दिवस वाटत राहिलं.

आमचं घर बोरी अरबला, गावाच्या शेवटच्या ओळीत. पूर्वेच्या खोलीला लागून धुरा, म्हणजे शेताचा बांध, आणि त्यापलीकडे शेत, काळी भारी जमीन. ती खोली नऊ वर्षांपूर्वी वाढवलेली. जिना नको, उंबरा नको म्हणून माझी खाट तिथे टाकली. सहा आठवड्यांनी दारव्ह्याहून फिजिओथेरपीवाली मुलगी येऊ लागली. तिने पाहिलं की मी पुन्हा हळूच उजवीकडे कलतो. दुखत नव्हतं, सवय होती. ती म्हणाली, काका, शरीराला सरळ काय ते विसरायला झालं आहे, त्याला रोज दाखवावं लागेल. भिंतीवर ओळंब्याने एक उभी रेघ आखून घ्या आणि तिच्यावर पाठ लावून उभे राहा.

मिस्त्री आला. त्याने उत्तरेच्या भिंतीवर सहा फुटांवर खिळा ठोकला, ओळंबा सोडला, तो थांबेपर्यंत आम्ही सगळे थांबलो. मग गेरूत भिजवलेली दोरी ताणून फटकन सोडली. पांढऱ्या चुन्यावर लाल रेघ उमटली. इतकी सरळ गोष्ट त्या घरात दुसरी नव्हती.

मोजायची पद्धत मी ठरवली. रोज सकाळी आठला, चहाच्या आधी. पावलं जमिनीवर रंगवलेल्या खुणांवर, रेघ दोन्ही टाचांच्या बरोबर मध्ये, पाठ भिंतीला. बायकोने माझ्या टाळूच्या मधोमध सुताराचा गुण्या धरायचा, भिंतीवर पेन्सिलचा ठिपका द्यायचा, मी बाजूला झालो की ठिपका रेघेपासून किती मिलिमीटर ते पट्टीने पाहून सांगायचं आणि ठिपका पुसून टाकायचा. पुसायचा कारण कालची खूण दिसली की आजचा हात तिकडेच जातो. हे मला काट्यावर कळलेलं. आकडा मी वहीत लिहायचो.

पहिल्या दिवशी नऊ, उजवीकडे. जानेवारी संपेपर्यंत तीन. दोन. चार. पुन्हा दोन. एक दिवस दीड आला त्या दिवशी बायकोने चहात जास्त आलं टाकलं.

फेब्रुवारीच्या शेवटाला आकडा फिरला. तीन, साडेतीन, चार. मी जास्त वेळ उभा राहू लागलो. बायको रोज गुण्या धरायची, मग दोन पावलं मागे सरकून माझ्याकडे पाहायची. मग म्हणायची, चार. मार्चमध्ये एके दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशीही चार.

त्याच सुमाराला खोलीत काही गोष्टी होऊ लागल्या. लोखंडी कपाटाचं दार रात्री लावलेलं असायचं, सकाळी वीतभर उघडं. कडी सैल झाली असेल म्हणून मी कागदाची घडी लावून दार घट्ट केलं. सकाळी घडी खाली पडलेली आणि दार उघडं. मग लिंबू. माझ्या खाटेशेजारच्या स्टुलावर सरबतासाठी लिंबू ठेवलेलं असायचं. ते हललं, पडलं, की प्रत्येक वेळी एकाच जागी सापडायचं, पूर्वेच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून. मी दिवसातून तीनदा उचलून ठेवायला लावलं, तीनदा तिथेच गेलं.

शेजारच्या काकूंनी हे एकदा डोळ्याने पाहिलं. निघताना त्यांनी ओट्यावर बायकोला हळूच विचारलं की घरात आजारी माणूस, त्यात लिंबू असं कोपरा धरतं, कोणाचं वाकडं तर नाही ना तुमच्याशी. बायकोने सांगितलं की आमच्या घरात लिंबू वरणात पिळतात आणि सरबतात घालतात, त्याचा तिसरा उपयोग माझ्या सासऱ्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हाच बंद झाला. काकू हसल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवसापासून स्टुलावर लिंबू दिसेना. मी बायकोला विचारलं तर संपली म्हणाली. स्वयंपाकघरात अर्धा किलो होती.

तिसरी गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला, कूलर बंद असला आणि सगळं गाव आत गेलेलं असलं की एक आवाज यायचा. टक्. हलकाच, कोरडा, बोट मोडल्यासारखा. कधी दिवसातून एकदा, कधी चारदा. मी पाठीवर पडलेला असायचो, खाट भिंतीला लागलेली. आवाज बाहेरून आला की माझ्या आतून, ते कळायचं नाही. आवाज झाला की मी श्वास धरायचो आणि चार स्क्रू एकेक करून आठवायचो. डावा वरचा. डावा खालचा. उजवा वरचा. उजवा खालचा. एखाद्या जागी काही वेगळं लागतं का ते पाहायचो. काही लागायचं नाही. त्यानं बरं वाटायचं नाही. पुढच्या आवाजाची वाट पाहत राहायचो.

मार्चअखेरीला यवतमाळला तीन महिन्यांचा एक्स-रे होता, खरं तर चार झाले होते. उभं करून काढला, समोरून आणि बाजूने. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी लावून दाखवले. स्क्रू जागच्या जागी. पिंजरा जागच्या जागी. मला उभं करून मागून पाहिलं, म्हणाले, छान सरळ आहात. मी वही पुढे केली. त्यांनी आकडे पाहिले, थोडे हसले आणि म्हणाले, चार मिलिमीटर मी स्वतःही असेन.

परत येताना गाडीत मी आनंदी असायला हवा होतो. पण चार हा आकडा मला खात होता. सतरा दिवस झाले होते आणि आकडा चारच होता. जिवंत माणूस रोज त्याच मिलिमीटरवर उभा राहत नाही. काट्यावर एकच वजन पुन्हा पुन्हा आलं तर आम्ही गाडीवर संशय घेत नाही. काटा अडकला आहे असं समजतो.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी उभा राहिलो. तिने गुण्या धरला, ठिपका दिला, पट्टी लावली. चार, म्हणाली. पुसायला हात उचलला तेव्हा मी तो धरला आणि मीच पट्टी लावली. नऊ.

ती खाटेवर बसली. मी विचारलं केव्हापासून. ती म्हणाली, होळीपासून.

"सांगितलं काहून नाही?"

"कशी सांगू?" ती म्हणाली. "रोज एक काडी सरकून राह्यलं. डॉक्टर म्हणते सरकलं तर पुन्हा फाडा लागन. मले वाटलं, मी आकडा सांगितला नाही तर थांबन."

मी रागावलो नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहून कळलं की तिने सतरा दिवस रोज सकाळी दोन पावलं मागे जाऊन आपल्या नवऱ्याला वाकडा होताना पाहिलं होतं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन चहा केला होता. पण मग डॉक्टरांनी काय पाहिलं? फिल्म काय सांगत होती? एका माणसाचे दोन आकडे असू शकत नाहीत. फिल्म एका क्षणाची, रेघ रोजची. मी रेघेवर विश्वास ठेवला.

एप्रिल संपता संपता आकडा अकरा झाला. मी ठरवलं की स्क्रूंनी सोडलं असलं तरी मी सोडणार नाही. सकाळ-संध्याकाळ वीस वीस मिनिटं रेघेवर उभा राहू लागलो, जोर लावून, डावीकडे, टाळू रेघेवर येईपर्यंत. घाम यायचा. सुरुवातीचं ते पडण्यासारखं वाटणं परत आलं. मला ते चांगलं लक्षण वाटलं, कारण आधीही सरळ होताना तसंच वाटलं होतं. आकडा उतरू लागला. नऊ, आठ, साडेसहा, पाच. बायको आता खरे आकडे सांगत होती आणि आम्ही दोघं पुन्हा बोलू लागलो होतो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात डावा पाय पुन्हा बोलला. आधी घोट्याशी मुंग्या. मग मांडीतून खाली एक गरम रेघ, ओळखीची. मी वहीत तारीख घातली आणि पुढे काही लिहिलं नाही. सहा महिन्यांच्या तपासणीला चार आठवडे होते. मी मनातल्या मनात दुसऱ्या ऑपरेशनचे दिवस मोजले, पाठीवर उभी चिरलेली जखम मोजली, पुढच्या हंगामात खुर्चीवर बसलेला दुसरा माणूस पाहिला.

वडील आमच्याचकडे असतात. वय शहाऐंशी, कान कमी, नजर अजून साफ. ते सहसा त्या खोलीत येत नसत. आजारी मुलाला पाहवत नाही, असं बायकोला म्हणाले होते. त्या सकाळी मात्र काठी टेकत आले आणि दारात खुर्ची टाकून बसले. मी रेघेवर उभा होतो, दात आवळून. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, हे काय करून राह्यला. मी सांगितलं. रेघ, ठिपका, आकडे, सगळं. ते ऐकत होते की नाही कळलं नाही. मग म्हणाले,

"पासंग पाह्यला का?"

"कशाचा पासंग, बाबा?"

"भिंतीचा."

तराजूच्या दोन्ही ताटल्या रिकाम्या असताना दांडा समतोल राहिला पाहिजे. नाही राहिला तर हलक्या बाजूला खडा बांधून तो समतोल करायचा, तो खडा म्हणजे पासंग. बाबा तो दिवसातून चारदा पाहायचे. मी इलेक्ट्रॉनिक काट्यावर सव्वीस वर्षं रोज सकाळी, पहिल्या गाडीच्या आधी, रिकाम्या काट्याचा शून्य पाहिला होता. एकही दिवस चुकवला नव्हता. आणि स्वतःच्या पाठीसाठी पाच महिने मी असा काटा वापरला ज्याचा शून्य एकदाच पाहिला होता.

मिस्त्रीचा ओळंबा घरात नव्हता. बायकोने शिवणाचा दोरा आणला, त्याला कपाटाची किल्ली बांधली. मी वर हात करू शकत नव्हतो, तिनेच स्टुलावर चढून तो त्याच खिळ्याला बांधला आणि सोडला. दार लावलं, खिडकी लावली, पंखा बंद केला. किल्ली झुलली, मंद झाली, थांबली.

दोरा रेघेवर नव्हता.

वर खिळ्याशी दोघं एक होते. तिथून खाली उतरताना दोरा रेघेपासून सुटत गेला होता, आधी केसाएवढा, मग बोटभर नाही पण नजरेत भरेल इतका, आणि जमिनीशी त्यांच्यामध्ये पांढऱ्या भिंतीची एक पट्टी होती. खोलीत वारा नव्हता. तो दोरा इतका स्थिर होता की मला भिंतच हलते आहे असं वाटलं. बायको स्टुलावरून उतरून माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने माझ्या शर्टची कड धरली.

मी खाली वाकू शकत नव्हतो. पट्टी तिने लावली. बारा.

बारा मिलिमीटर सहा फुटांवर. माझी उंची साडेपाच फूट, म्हणजे माझ्या डोक्याशी अकरा. तोच आकडा. एप्रिलअखेरीला मी रेघेपासून अकरा होतो, म्हणजे तेव्हा मी अगदी सरळ उभा होतो. मग तीन आठवडे जोर लावून मी स्वतःला रेघेच्या पाचवर आणलं, म्हणजे सहा मिलिमीटर वाकडं केलं. वाकडा दिसत होतो तेव्हा सरळ होतो, आणि सरळ दिसू लागलो तेव्हा पायात आग घेऊन आलो.

बाबांना यात काही विशेष वाटलं नाही. म्हणाले, काळी माती होय, उन्हाळ्यात बसते, पावसात उठते, तुले हे सांगा लागते काय. नाही सांगावं लागत. आमच्या गावात त्या बाजूच्या प्रत्येक घराला भेग आहे. दर दिवाळीला आम्ही ती सिमेंटने भरतो, वरून चुना देतो आणि विसरतो. या भिंतीची भेगही मी नऊ वेळा भरली आहे, कपाटामागे. भेग आहे हे माहीत होतं. भिंत चालते हे कधी मनात आलं नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर काठी घेऊन मी पूर्वेला धुऱ्यावर गेलो. घराच्या पायाला लागून जमीन फाटली होती, चार बोटं रुंद, भिंतीच्या रेषेत लांब गेलेली. बायकोने मोजपट्टी आत सोडली. एक फूट. दोन. तीन फूट चार इंचांवर पट्टी वाकली, तळ लागला की अडकली ते कळलं नाही. तिने पट्टी वर ओढली, तिच्या टोकाला थंड, ओलसर माती लागली होती. वर पंचेचाळीस अंशांचं ऊन पिऊन बसलेली जमीन आणि खाली ते. बायको हळूच म्हणाली, "लिंबू बी इकडेच येत होतं."

रेघेवर उभं राहणं मी त्या दिवसापासून सोडलं. फिजिओथेरपीवाल्या मुलीला सांगितलं तेव्हा ती कपाळावर हात मारून खाली बसली. तिने मला दोऱ्यासमोर उभं केलं, जोर न लावता. नऊ दिवसांत पायातल्या मुंग्या गेल्या. दहाव्या दिवशी थोड्या आल्या, मग नाही. जूनमध्ये यवतमाळला गेलो. फिल्मवर पिंजऱ्याच्या वर आणि खाली धुरकट पांढरं काहीतरी धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, हाड धरतं आहे. स्क्रू चारही जागेवर. मी त्यांना भिंतीची गोष्ट सांगितली. या खेपेला ते हसले नाहीत. जुनी फिल्म पुन्हा लावून तिच्यावर स्वतः पट्टी ठेवून पाहिली.

पावसाळ्यात फट मिटली. कपाटाचं दार लावलेलं राहू लागलं. लाल रेघ दोऱ्याकडे परत येत गेली, आठवड्याला मिलिमीटरभर, आणि ऑगस्टमध्ये त्याला मिळाली. मला वाटलं आता थांबेल. ती थांबली नाही, पलीकडे गेली. सप्टेंबरात तीन मिलिमीटर. मिस्त्री बोलावून पाया पाहून घ्यायचा आहे, पण पाऊस पूर्ण उघडल्याशिवाय तो खणणार नाही.

दोरा आणि किल्ली आम्ही काढली नाही. बायको रोज आठला मोजते. दोन, म्हणते, मग म्हणते थांबा, हलू नका, अडीच. तिच्या आकड्याला असा कंप असला की मला चहा गोड लागतो.

टक् आवाज अजून येतो, दुपारी, गाव आत गेलेलं असताना. आता ती स्वयंपाकघरातून ओरडून विचारते, "तुमी होय का भिंत?"

आधी पाठीखाली हात सरकवतो, चार जागा बोटांनी पाहतो. मग सांगतो, भिंत.